विश्लेषण : कलादालनात प्रवेश विनामूल्य, तरीही पाऊल उंबरठ्यावर का अडते?

मुंबईतील बहुतेक खासगी कलादालनांत जायला तिकीट लागत नाही. काळा घोडा आणि कुलाबा परिसरात दोनेक तास हाताशी असतील, तर चार-पाच प्रदर्शने एक रुपयाही न मोजता पाहून होतात. तरीही सिनेमाच्या तिकिटाला तीनशे-चारशे रुपये देणारे अनेक जण या दारांवरून पुढे निघून जातात. दुसरीकडे, कला महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या चित्रकाराची त्याच दालनातली भिंत मिळवताना दमछाक होते. दारावरून परतणारा प्रेक्षक आणि भिंतीसाठी ताटकळणारा कलावंत हे वरवर दोन वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कसे, आणि ही गाठ कुठे सुटते, याचा हा आढावा.

सगळी कलादालने सारखीच असतात का?

नाही. बाहेरून सगळीकडे पांढऱ्या भिंती आणि दिव्यांचे झोत दिसत असले, तरी आतला व्यवहार वेगवेगळा असतो. ढोबळमानाने चार प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार सार्वजनिक संग्रहालयांचा. मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत १९९६ पासून असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय किंवा राणीच्या बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही त्याची उदाहरणे. येथे नाममात्र तिकीट असते आणि चित्रे विक्रीसाठी नसतात.

दुसरा प्रकार भाड्याने मिळणाऱ्या दालनांचा. जहांगीर कलादालन, वरळीच्या नेहरू सेंटरचे कलादालन, पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत. येथे कलावंत किंवा कलावंतांचा गट ठरावीक दिवसांसाठी जागा घेतो आणि प्रदर्शनाचा सगळा भार स्वतः उचलतो.

तिसरा प्रकार व्यावसायिक गॅलऱ्यांचा. त्या भाडे घेत नाहीत. त्या कलावंत निवडतात, त्यांचे प्रदर्शन भरवतात, संग्राहकांना चित्रे विकतात आणि विक्रीतला वाटा ठेवतात.

चौथा प्रकार कलासंस्थांचा. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ मध्ये स्थापन झालेली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्था प्रवेशिका मागवून वार्षिक प्रदर्शने भरवतात.

हा फरक समजणे महत्त्वाचे, कारण दारात स्वागत कोण करणार हे त्यावर ठरते. भाड्याच्या दालनात यजमान स्वतः चित्रकार असतो. तो आठवडाभर आपल्या चित्रांसोबत बसलेला असतो आणि समोरच्याने काही विचारावे म्हणून वाट पाहत असतो. व्यावसायिक गॅलरीत बहुतेक वेळा चित्रकार नसतो. तिथे टेबलामागे लॅपटॉपवर काम करणारा एखादा कर्मचारी असतो. तो उद्धट नसतो, पण त्याच्याशी बोलायला सुरुवात कशी करावी हे नवख्याला कळत नाही.

जहांगीरचा उंबरठा इतरांपेक्षा सोपा का वाटतो?

जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. त्यापूर्वी मुंबईत चित्रकारांना हक्काची जागा फारशी नव्हती. केकू गांधी यांच्या ‘केमोल्ड’ या फ्रेमच्या दुकानाच्या काचेत हेब्बर, आरा, हुसेन यांची चित्रे लागत, आणि रस्त्याने जाणाऱ्यांना ती दिसत. पुढे १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केकू आणि खोरशेद गांधी यांनी ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. २००७ मध्ये ती फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर गेली.

जहांगीरचे दार रस्त्याच्या पातळीवर, रहदारीच्या जागी आहे. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असल्याने तेथे आलेली कुटुंबे, शाळेच्या सहली, पर्यटक सहज इकडे वळतात. दुपारच्या सुट्टीत फोर्टमधील कार्यालयांतली माणसे डोकावून जातात. उन्हाचा तडाखा किंवा पावसाची सर चुकवायला शिरलेली माणसेही चार चित्रे पाहून बाहेर पडतात. प्रदर्शने साधारण आठवड्याला बदलतात, त्यामुळे मागच्या वेळी पाहिलेले पुन्हा दिसणार नाही याची खात्री असते.

त्यात भर घातली ‘समोवार’ने. १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी या इमारतीत सुरू केलेले हे छोटे उपाहारगृह मार्च २०१५ अखेर बंद झाले. चित्रकार, नाटकवाले, पत्रकार, विद्यार्थी तिथे तासन्‌तास बसत. ज्याला चित्रातले काही कळत नाही, त्यालाही या इमारतीत शिरायला एक कारण होते. चहा प्यायला आलेला माणूस जाता-येता प्रदर्शन पाहत असे. एकाच वास्तूत नामवंत चित्रकार आणि नुकताच जे. जे.तून बाहेर पडलेला मुलगा शेजारच्या टेबलांवर बसू शकत होते. उपाहारगृह बंद झाले तेव्हा अनेकांना चुटपुट लागली, ती या येण्या-जाण्याच्या सवयीमुळे.

मग आत शिरूनही परकेपणा का वाटतो?

या प्रश्नावर जगभर बराच विचार झाला आहे. आयरिश-अमेरिकन कलावंत आणि लेखक ब्रायन ओ’डोहर्टी यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या लेखांत कलादालनाच्या रिकाम्या, पांढऱ्या, खिडक्या झाकलेल्या खोलीचा विचार केला. अशी खोली बाहेरच्या जगाला बाहेरच ठेवते आणि आतल्या वस्तूला जवळपास देवघरातल्या मूर्तीचे स्थान देते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. देवळात जसा आवाज आपोआप खाली येतो, तसा तो इथेही येतो. फरक इतकाच की देवळात काय करायचे हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. इथे ते कोणी शिकवलेले नसते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिऊ यांनी सहकाऱ्यांसह युरोपातील अनेक देशांच्या कला संग्रहालयांतील प्रेक्षकांचा अभ्यास केला. तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयात कोण जाते याचा शिक्षणाशी घट्ट संबंध असतो, असे त्यात दिसून आले. दार सर्वांना उघडे असते, पण आतली भाषा ज्यांना घरातून किंवा शाळेतून मिळालेली असते, तेच सहजपणे आत जातात. बाकीच्यांना आपण न जाणे ही स्वतःची आवड-निवड आहे असे वाटते. म्हणून नुसते तिकीट रद्द केल्याने गर्दीचा चेहरा बदलत नाही.

आपल्याकडे या सर्वसाधारण कारणांना काही खास कारणे जोडली जातात. पहिले, भाषा. मुंबईतील अनेक व्यावसायिक गॅलऱ्यांत चित्राची माहिती आणि प्रदर्शनाचे टिपण फक्त इंग्रजीत असते. ती इंग्रजीही अशी की इंग्रजी माध्यमात शिकलेल्याने दोनदा वाचावी. दुसरे, जागा. जुन्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला, पिंजऱ्याची लिफ्ट, बंद दार आणि त्यावर बेल. बेल वाजवायची म्हणजे काहीतरी काम हवे, अशी आपली सवय. नुसते पाहायला आलोय, असे सांगायला माणूस संकोचतो. तिसरे, किंमत. चित्राशेजारी किंमत बहुधा नसते, ती वेगळ्या कागदावर असते आणि तो मागावा लागतो. मागितला तर विकत घ्यावे लागेल की काय, ही धास्ती असते.

चौथे कारण बातम्यांतून येते. मार्च २०२५ मध्ये एम. एफ. हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ मधील चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. असे आकडे वाचून चित्र म्हणजे कोट्यधीशांचा मामला, असा समज पक्का होतो. ज्या हुसेन यांच्या चित्राला ही किंमत आली, ते एकेकाळी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते, ही गोष्ट त्या आकड्याखाली झाकली जाते.

नवोदित कलावंताला भिंत कशी मिळते?

कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यासमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली, वार्षिक स्पर्धा-प्रदर्शनांची. राज्य सरकारच्या कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांच्याकडे प्रवेशिका पाठवायची. निवड झाली तर एक-दोन चित्रे लागतात, पारितोषिक मिळाले तर नाव होते. हुसेन यांचे चित्र १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात लागले आणि तिथूनच त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. ही वाट आजही सर्वात खुली आहे, कारण तिथे ओळख लागत नाही.

दुसरी वाट भाड्याच्या दालनाची. अर्ज, सोबत चित्रांची छायाचित्रे, निवड समिती आणि मग तारीख. जहांगीरसारख्या मागणी असलेल्या दालनात तारखेसाठी काही वर्षे थांबावे लागते, हे चित्रकारांच्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. पंचविशीत अर्ज करणारा तिशीच्या आसपास भिंतीसमोर उभा राहतो. तोवर त्याने शाळेत कलाशिक्षकाची नोकरी धरलेली असते, जाहिरात संस्थेत काम सुरू केलेले असते किंवा चित्र सोडलेले असते. एकट्याला परवडत नाही म्हणून तीन-चार मित्र मिळून समूह प्रदर्शन करतात.

तिसरी वाट व्यावसायिक गॅलरीची. तिथे पोर्टफोलिओ घेऊन थेट गेल्यास बहुतेक वेळा ईमेल करा, असे उत्तर मिळते. ईमेलला उत्तर येईलच असे नाही. गॅलऱ्या नवे कलावंत प्रामुख्याने शिफारशीतून, पदव्युत्तर वर्गाच्या वार्षिक प्रदर्शनांतून, निवासी शिबिरांतून किंवा पाठ्यवृत्तीच्या याद्यांतून शोधतात. म्हणजे बडोदा, शांतिनिकेतन, जे. जे. अशा ठिकाणी शिकलेल्याला दिसण्याची संधी अधिक. सावंतवाडी किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला ती कमी.

खर्चाचे गणित कसे असते?

लोकांना दिसते ते दालनाचे भाडे. पण फ्रेम, चित्रांची वाहतूक, निमंत्रणपत्रिका, माहितीपुस्तिका, उद्घाटनाचा चहा-नाश्ता, गावाहून आलेल्या कलावंताचे आठवडाभराचे राहणे-जेवण हे सगळे त्यात मिळवावे लागते.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा एका चित्राची किंमत २० हजार रुपये आहे. त्यासाठी कॅनव्हास, रंग, फ्रेम असा ४ हजार रुपये खर्च आला. भाड्याच्या दालनात ते विकले गेले तर हाती १६ हजार राहतात. प्रदर्शनाचा एकूण खर्च एक लाख रुपये धरला तर सात चित्रे विकली जाईपर्यंत कलावंत तोट्यातच असतो. आठव्या चित्रापासून खरी कमाई सुरू होते. अनोळखी चित्रकाराची आठवड्यात आठ चित्रे जाणे ही सोपी गोष्ट नाही.

व्यावसायिक गॅलरीत भाडे नाही, पण विक्रीच्या किमतीत निम्म्यापर्यंत वाटा गॅलरीचा असतो. म्हणजे याच चित्राचे १० हजार हाती येतात आणि साहित्याचा खर्च वजा जाता ६ हजार उरतात. हा वाटा जास्त वाटतो. पण गॅलरी जागा, दिवे, प्रसिद्धी, संग्राहकांशी संपर्क आणि न विकल्या गेलेल्या प्रदर्शनाचा धोका उचलते, ही दुसरी बाजू. काटकसरीने चालणाऱ्या गॅलरीसाठीही नव्या नावावर सगळी भिंत देणे हा जुगारच असतो.

प्रेक्षकाचा आणि कलावंताचा प्रश्न एकच कसा?

गॅलरीला भाडे, पगार भागवायचे असतात. तिचे नेहमीचे ग्राहक मोजके असतात आणि ते माहितीतल्या नावांना पसंती देतात. त्यामुळे गॅलरीही माहितीतली नावे लावते. ती नावे सामान्य प्रेक्षकाच्या परिचयाची नसतात, चित्रे त्याच्या खिशाबाहेरची असतात, म्हणून तो येत नाही. तो येत नाही म्हणून दालन त्याच्यासाठी काही बदलत नाही. हे चक्र असेच फिरत राहते.

नवोदित कलावंताला नेमका हाच अनोळखी प्रेक्षक हवा असतो. त्याच्याकडे संग्राहकांची यादी नसते. घरी लावायला पहिलेच चित्र घेणारी शिक्षिका, नव्या घरात गेलेले जोडपे, दवाखान्याच्या भिंतीसाठी काहीतरी शोधणारा डॉक्टर हे त्याचे खरे ग्राहक. ही माणसे दारावरूनच परत गेली, तर नव्या कलावंताला ओळखीच्या वर्तुळाबाहेर पडता येत नाही. मग त्याच्या प्रदर्शनाला नातेवाईक, वर्गमित्र आणि शिक्षक येतात, अभिप्रायवहीत ‘खूप छान’ लिहितात आणि सोमवारी संध्याकाळी चित्रे पुन्हा टेम्पोत चढतात. म्हणून प्रेक्षकासाठी उंबरठा खाली आणणे हे नवोदितासाठी केलेले सर्वात उपयोगी काम ठरू शकते.

मुंबईबाहेर काय स्थिती आहे?

पुण्यात महापालिकेची आणि खासगी अशी दोन्ही प्रकारची दालने आहेत. कोल्हापूरला शाहू स्मारक भवन, नाशिकला कुसुमाग्रज स्मारक अशा ठिकाणी प्रदर्शने भरतात. कोल्हापूरची चित्रपरंपरा तर आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासूनची. पण बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी चित्रे पाहण्यासाठी बांधलेली स्वतंत्र जागाच नाही. नाट्यगृह आहे, वाचनालय आहे, मंगल कार्यालयांना तोटा नाही. कलादालन मात्र नाही.

या पार्श्वभूमीवर २००८-०९ मधला एक प्रयोग आठवणीत ठेवण्यासारखा आहे. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन मांडले. ते मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद या शहरांत गेले. बऱ्याच ठिकाणी ते नाट्यसंकुलांच्या किंवा वाचनालयांच्या सभागृहांत लागले. एरवी मुंबई-दिल्लीतच दिसणाऱ्या कलावंतांच्या मूळ कलाकृती त्या शहरांतल्या विद्यार्थ्यांसमोर आल्या. यातला धडा साधा आहे : लोक ज्या वास्तूत आधीपासून ये-जा करतात, तिथे चित्र नेले की उंबरठ्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

गोव्यातही असेच दिसते. २०१६ पासून डिसेंबरमध्ये पणजीत होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आणि मांडवीकाठच्या मोकळ्या जागा वापरल्या गेल्या. फेरफटका मारायला निघालेली कुटुंबे त्यात सामील झाली. पिळर्ण येथील ‘म्युझियम ऑफ गोवा’ तर औद्योगिक वसाहतीत उभे आहे.

दालनाबाहेरच्या जागा किती उपयोगी?

जहांगीरच्या बाहेरच्या पदपथावर चित्रकार वर्षानुवर्षे आपली चित्रे मांडतात, काही जण समोर बसवून व्यक्तिचित्र काढून देतात. तिथे बेल नाही आणि टेबलही नाही. भाव विचारायला कोणालाच संकोच वाटत नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवातही, १९९९ पासून, रस्ताच दालन होतो.

याहून मोठे उदाहरण बेंगळूरुचे. कर्नाटक चित्रकला परिषदेतर्फे दरवर्षी जानेवारीत ‘चित्रसंते’ भरते. ‘संते’ म्हणजे कन्नडमध्ये बाजार. एका रविवारी कुमार कृपा रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि दोन्ही बाजूंना देशभरातून आलेले कलावंत चित्रे मांडून बसतात. काहीशे रुपयांपासून लाखापर्यंतची चित्रे एकाच रस्त्यावर असतात. लोक भाजीबाजारात फिरावे तसे फिरतात, घासाघीसही करतात. अनेक घरांतले पहिले मूळ चित्र इथून जाते.

याला मर्यादा आहेत. रस्त्यावर निसर्गचित्र, गणपती, घोडे, वारली लवकर खपतात. प्रयोगशील काम, व्हिडीओ, मांडणशिल्प यांना अशा ठिकाणी जागा नसते. ऊन, धूळ, पावसाचा धोका असतो. म्हणून रस्ता दालनाला पर्याय ठरत नाही. पण चित्र पाहायला आणि घ्यायला लोकांची ना नसते, हे तो सिद्ध करतो.

समाजमाध्यमांमुळे चित्र बदलले का?

काही प्रमाणात. इन्स्टाग्रामवर काम दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. गॅलऱ्याही आता नवे कलावंत तिथे शोधतात. सोलापूरचा चित्रकार बेंगळूरुच्या ग्राहकाला थेट चित्र विकू शकतो. ज्या प्रेक्षकाला बेल वाजवायचा संकोच होतो, तो फोनवर प्रदर्शन आधी पाहून घेतो आणि मग धीर करून जातो.

पण सहा फुटी कॅनव्हास पाच इंची पडद्यावर मावत नाही. रंगाचा थर, पोत, आकाराचा दाब फोनवर कळत नाही. पडद्यावर उठून दिसणारे चित्र काढण्याचा मोहही तयार होतो. शिवाय किमतीचा विश्वास अजून दालनातूनच येतो. प्रदर्शन झालेल्या कलावंताकडे ग्राहक वेगळ्या नजरेने पाहतो.

काय केल्यास उंबरठा खाली येईल?

बहुतेक उपाय स्वस्तातले आहेत. चित्राच्या माहितीची मराठी ओळ, साध्या शब्दांत लिहिलेले एक पान, बसायला दोन बाकडी, दारावर ‘आत या, प्रवेश विनामूल्य’ अशी पाटी, टेबलावर उघडी ठेवलेली किमतींची यादी. नोकरदारांना सोयीचे व्हावे म्हणून महिन्यातून एखाद्या संध्याकाळी उशिरापर्यंत दार उघडे. कुलाबा-फोर्टमधील गॅलऱ्यांनी अशा रात्रींचे आणि २०१२ पासून ‘मुंबई गॅलरी वीकेंड’चे प्रयोग केले आहेत. त्या दिवशी एकट्याने बेल वाजवावी लागत नाही, घोळक्यातून आत जाता येते.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण इथे बोलके आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू प्राणिसंग्रहालयाशेजारी असल्याने तिथे सुट्टीच्या दिवशी सर्व थरांतली कुटुंबे येतात. नूतनीकरणानंतर सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल डोडिया यांच्यासारख्या समकालीन कलावंतांनी तिथे काम मांडले. हत्ती आणि पेंग्विन पाहायला निघालेली माणसे वाटेत समकालीन कला पाहून गेली.

नवोदितांसाठी तीन गोष्टी उपयोगी ठरतील. निवडीचे निकष आणि प्रतीक्षायादी जाहीर असणे, पहिल्या प्रदर्शनासाठी सवलतीचे भाडे किंवा राखीव आठवडे, आणि नकार देताना दोन ओळींचे कारण. कोची-मुझिरिस बिनालेने २०१४ पासून विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र ‘स्टुडंट्स बिनाले’ सुरू केले. देशभरातील कला महाविद्यालयांतील मुलांना मोठ्या कार्यक्रमाच्या गर्दीसमोर उभे राहता आले. जिल्ह्याच्या नाट्यगृहांतील रिकाम्या प्रतीक्षा-दालनांच्या भिंती स्थानिक मुलांना मिळाल्या, तर त्याला नवी इमारत लागणार नाही. नाटक पाहायला आलेला प्रेक्षक तिथे आयता हजर असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

गॅलरीत जायला काही विकत घेण्याची अट नसते. बेल असेल तर वाजवावी, ती सुरक्षेसाठी असते. किमतींची यादी मागणे शिष्टाचाराला धरून आहे. नावाशेजारी लाल टिकली असेल तर ते चित्र विकले गेलेले असते. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, कलाकृतीला हात लावू नये. सगळी चित्रे पाहिलीच पाहिजेत असे नाही. एखाद्याच चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहिले तरी भेट वाया जात नाही. कळले नाही तर कलावंताला ‘हे कसे केले?’ असे विचारावे. ‘याचा अर्थ काय?’ यापेक्षा या प्रश्नाला बहुतेक चित्रकार मोकळेपणाने उत्तर देतात. व्यावसायिक गॅलऱ्या बहुधा रविवारी बंद असतात, त्यामुळे वेळ आधी पाहून घ्यावी.

आणि पहिले प्रदर्शन करणाऱ्याने?

तोंडी बोलीवर चित्रे देऊ नयेत. किती चित्रे दिली, किंमत काय, गॅलरीचा वाटा किती, पैसे किती दिवसांत मिळतील, वाहतुकीत नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, न विकलेली चित्रे कधी परत मिळतील, हे लिहून घ्यावे. आपणहून काढलेले चित्र विकले म्हणून त्याचा स्वामित्वहक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही. तो द्यायचा असल्यास कायद्याने लेखी करार लागतो, हेही माहीत असावे. पैसे घेऊन ‘आंतरराष्ट्रीय’ प्रदर्शनात जागा देणाऱ्या अनोळखी निमंत्रणांची आधी चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट कलावंताच्या हातात आहे. उद्घाटनाच्या दिवशी दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, भाषणे यांत दोन तास जातात आणि वाट चुकून आत आलेला अनोळखी माणूस मागच्या मागे निघून जातो. पुढचे सहा दिवस खरे महत्त्वाचे. त्या दिवसांत दारात उभ्या, आत यावे की नाही या विचारात असलेल्या माणसाला ‘या, बघा’ एवढे म्हणायला भाडे लागत नाही, समितीची मंजुरीही लागत नाही. त्या माणसाने त्या दिवशी चित्र घेतले नाही, तरी पुढच्या वेळी तो दारावरून परत जाणार नाही. तेव्हा भिंतीवर दुसऱ्याच कोणा नवोदिताचे चित्र असेल.